मालवणांतील एका घराचें ध्वनिदप्तर व जुन्या यंत्रांचा जीर्णोद्धार

(१)

जुन्या घराची वांटणी झाली, माळा मोकळा करावयाचा ठरला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचें दप्तर वाण्याच्या पुड्यांस गेलें, ही हकीकत आमच्या वाचकांनीं अनेकदां ऐकिली असेल. कित्येकांनीं ती स्वतः पाहिलीही असेल. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं इ. स. १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला व पुढें आयुष्यभर ते गांवोगांव हिंडले, ते याच धास्तीनें. परंतु आजच्या माळ्यांवर जें दप्तर पडून आहे तें केवळ कागदाचें नाहीं. त्यांत ध्वनीच्या तबकड्या आहेत, फिती आहेत, चित्रफितीही आहेत. घरांतील जुना दूरदर्शनसंच व जुनीं ध्वनियंत्रें काढून नवीं आणण्याचा दिवस उगवला कीं हें दप्तर भंगाराच्या हातगाडीवर चढतें, आणि कोणास त्याची खंतही वाटत नाहीं.

गेल्या वर्षीं हा प्रसंग खुद्द आमच्या घरावर आला. आमचें घर मालवणास, समुद्रापासून हांकेच्या अंतरावर आहे. खाऱ्या वाऱ्यानें येथें लोखंड टिकत नाहीं व चार महिन्यांच्या पावसांत पुस्तकांस बुरशी धरते. मग नाजूक यंत्रांची काय कथा! चवथीस मुंबईहून आलेल्या पुतण्यानें ५५ इंची नवा संच व त्याजबरोबरचे नवे स्पीकर घेऊन देण्याचें ठरविलें, माळ्यावरील व माजघरांतील सर्व जुनीं यंत्रें खळ्यांत आणून मांडिलीं, आणि तो म्हणाला, “काकानू, ह्या सगळा आता भंगारात जावंदे.” भंगारवाल्यानें सगळ्याचे मिळून सातशें रुपये सांगितले. पुतण्याचा हेतु चांगला होता. परंतु तीस वर्षांपूर्वीं आमच्याच हातून असाच एक व्यवहार घडला होता व त्याची किंमत आम्हीं पुढें पुरेपूर मोजिली होती. म्हणून भंगारवाल्यास आम्हीं परत पाठविलें, आणि संग्राहक जसें नव्या सांपडलेल्या बाडाची यादी करितो तशी त्या वस्तूंची यादी करावयास बसलों. तें टिपण येथें देत आहों.

(२)

यादी येणेंप्रमाणें :

(अ) व्हॉल्व्हचा रेडिओ, लांकडी पेटीचा, १. त्याजबरोबर टपालकचेरींतून मिळालेलें परवान्याचें पुस्तक. एके काळीं रेडिओ बाळगण्यास वार्षिक फी भरावी लागे. ही पद्धत १९८० नंतरच्या दशकांत बंद झाली. आमच्या पुस्तकांतील पहिली नोंद १९६१ ची आहे. हें पुस्तक म्हणजे त्या यंत्राची सनदच होय. रेडिओच्या कांचेवर वडिलांनीं पेन्सिलीनें दोन खुणा केल्या आहेत. एक मुंबईची व दुसरी पणजीची. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. पणजीचें केंद्र पोर्तुगीज सरकारनें १९४६ मध्यें काढिलें. डिसेंबर १९६१ मध्यें गोवा मुक्त झाल्यावर तें आकाशवाणीचें झालें. मालवणच्या एका घरांत एकाच वर्षीं या दोन खुणा शेजारीं शेजारीं उमटाव्या, यांत या किनाऱ्याचा इतिहास आला.

(आ) पेटीवजा रेकॉर्ड-प्लेअर १ व ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ४१. बहुतेक नाट्यसंगीत.

(इ) ध्वनिफितींचीं चक्रें (रीळें) ७. तीं वाजविण्याचें यंत्र नाहीं. त्याचा खुलासा पुढें येईल.

(ई) दुहेरी कॅसेट-यंत्र १, त्यास जोडलेला ॲम्प्लिफायर १, मोठे लांकडी स्पीकर २. कॅसेटी ६३, पैकीं घरीं मुद्रित केलेल्या २२.

(उ) कांचेच्या नळीचा रंगीत दूरदर्शनसंच १, व्हिडिओ-यंत्र १, चित्रफिती ९. दिल्लीस दूरदर्शन १५ सप्टेंबर १९५९ रोजीं व मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं आलें. परंतु आमच्या भागांत तें पुष्कळ उशिरां पोंचलें. रंगीत प्रक्षेपण १९८२ चें. १९८७ च्या जानेवारींत ‘रामायण’ सुरू झालें, तेव्हां याच खळ्यांत अर्धी वाडी येऊन बसत असे.

(३)

यादी झाल्यावर असें लक्षांत आलें कीं, या यंत्रांचे दोन वर्ग पडतात. कांहीं यंत्रें केवळ ग्राहक आहेत : बाहेरून येणारें ग्रहण करून दाखवितात, जवळ कांहीं ठेवीत नाहींत. रेडिओ व दूरदर्शनसंच यांचा वर्ग हा. दुसरीं यंत्रें वाचक आहेत : घरांतच असलेला एखादा लेख तीं वाचून दाखवितात. रेकॉर्ड-प्लेअर, कॅसेट-यंत्र, व्हिडिओ-यंत्र हीं या वर्गांतलीं. ग्राहक यंत्र गेलें तर यंत्रच जातें. वाचक यंत्र गेलें तर त्याजबरोबर तें जें जें वाचूं शकत होतें तें सर्व मुकें होतें.

मोडी लिपीच्या अभ्यासकांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. १९५० च्या सुमारास शाळांतून मोडीचें शिक्षण बंद झालें. कागद जागच्या जागीं राहिले; शाईही पुसली नाहीं; पण दोन पिढ्यांत नातवास आजोबांचें खतपत्र वाचतां येईना. तबकडी हा कागद आहे व यंत्र ही त्याची लिपी आहे. फरक इतकाच कीं, मोडी मनुष्यास पुन्हां शिकतां येते. बंद पडलेलें यंत्र घरच्या घरीं पुन्हां घडवितां येत नाहीं.

(४)

तबकड्यांचें वर्णन पोथीच्या रीतीनें करितां येतें. द्रव्य : मुख्यत्वें लाख व दगडाची भुकटी. प्रमाण : व्यास बहुधा १० इंच. विस्तार : एका बाजूस सुमारें तीन मिनिटें. त्यामुळें मैफलींत तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसवावा लागे, व गवयाची खरी परीक्षा तेथेंच होई. मध्यभागाजवळ खरवडलेला अंक हा त्या मुद्रणाचा क्रमांक होय. संग्राहकानें कागदी चकतीपेक्षां त्या अंकावर अधिक भरंवसा ठेवावा, कारण चकती फाटते, अंक राहतो.

पोथीची पुष्पिकाही येथें आहे. १९०२ मध्यें गायस्बर्ग नांवाचा मुद्रक कलकत्त्यास आला व त्यानें गौहरजान हिचें गाणें मुद्रित केलें. त्या काळच्या मुद्रणांत गाणें संपतांच गवई आपलें नांव मोठ्यानें उच्चारतात. याचें कारण असें कीं, मूळ ठसे जर्मनींत हॅनोव्हर येथें जात व तेथील कारागिरांस कोणती तबकडी कोणाची हें कळावयास दुसरा मार्ग नव्हता. लेखक जसा ग्रंथान्तीं आपलें नांव व शक लिहितो तसाच हा प्रकार. पुढें १९०८ मध्यें कलकत्त्यास कारखाना निघाल्यावर ही गरज उरली नाहीं.

आतां यंत्राचा संबंध पाहूं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खांच रुंद असते. तीस सुमारें तीन सहस्रांश इंच टोंकाची सुई लागते. १९४८ नंतर आलेल्या ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीस एक सहस्रांश इंचाची किंवा त्याहून बारीक सुई पुरते. ही बारीक सुई जुन्या तबकडीवर ठेविली तर ती खांचेच्या तळाशीं घासत जाते व गाण्याऐवजीं खरखर ऐकूं येते. बाजारांत आज मिळणाऱ्या पुष्कळशा नव्या प्लेअरांस ७८ ची गतीच नसते. म्हणजे ‘जुना प्लेअर टाकून नवा घेतला’ असें म्हणणारा मनुष्य पुष्कळदां देवनागरी येणारा कारकून ठेवून मोडी जाणणाऱ्यास रजा देत असतो.

(५)

तबकड्या कारखान्यांत छापल्या गेल्या. आमची फुटली तरी दुसरी प्रत कोठें तरी असेल. घरीं मुद्रित केलेल्या २२ कॅसेटींची गोष्ट तशी नाहीं. त्यांतील बऱ्याच कॅसेटी म्हणजे १९८० ते १९९५ या काळांत आसपासच्या देवळांच्या जत्रांत झालेल्या दशावतारांच्या रात्री होत. दशावतारांत आख्यान ठरलेलें असतें, परंतु संवाद लिहिलेले नसतात. राजपार्ट व स्त्रीपार्ट रंगणांत उभे राहून आयत्या वेळीं बोलतात. पायपेटी, मृदंग व झांज त्यांस साथ देतात. पहांटे दहीकाला होतो व तें भाषण वाऱ्यावर विरतें. पिंगुळीच्या ठाकरांच्या चित्रकथीची स्थिति जवळजवळ हीच : चित्रांचीं पानें संग्रहालयांत सांपडतात, पण कथन त्या त्या कथेकऱ्याच्या कंठांत असतें. म्हणून दशावताराच्या एका रात्रीची फीत ही त्या नाटकाची एकमेव प्रत होय. तिजवरून पाठभेद तपासावा असें दुसरें हस्तलिखित जगांत नाहीं.

भाषेच्या अभ्यासकांसही याचें मोल आहे. ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीच्या सातव्या खंडांत (१९०५) आमच्या बोलीची नोंद ‘कुडाळी’ या नांवें झाली. छापील अक्षरांत शब्द राहतो; त्याचा हेल राहत नाहीं. संकासुर भटाची चेष्टा करितांना आवाज कोठें चढवितो, कोठें ओढतो, हें अक्षरांत कोण लिहिणार?

कॅसेट नव्वद मिनिटांची, म्हणजे एका बाजूस पंचेचाळीस. त्यामुळें बाजू बदलतांना एकदां द्रौपदीचें वाक्य मध्येंच तुटलें आहे. त्रुटित पत्राचा हा ध्वनिरूप प्रकार होय. आणखी एक गोष्ट आम्हांस प्रत्यक्ष कामांत कळली. फीत ज्या यंत्रावर मुद्रित झाली त्याच यंत्रावर ती बहुधा उत्तम वाजते; कारण वाचणाऱ्या शीर्षाचा तिरकसपणा दर यंत्रास थोडा वेगळा असतो. पुतण्यानें आणलेल्या दुसऱ्या यंत्रावर जीं अक्षरें दबलेलीं वाटत होतीं, तींच आमच्या जुन्या यंत्राचा पिचकलेला रबरी पट्टा बदलतांच स्पष्ट झालीं. तें यंत्र त्या लेखाचा भाग आहे, हें त्या दिवशीं पटलें.

(६)

आतां सात रीळांचा खुलासा. आमचे चुलते बोटीवर नोकरीस असत. १९६९ मध्यें त्यांनीं हाँगकाँगहून रीळांचें मुद्रणयंत्र आणिलें. वडिलांनीं त्यावर आजीच्या जात्यावरील ओव्या मुद्रित केल्या. आजी ओव्यांत माहेरचीं व सासरचीं माणसें, गांवें, व्रतें गुंफीत असे. एका अर्थीं ती आमच्या कुळाची बखरच होती. पुढें १९९४ मध्यें आम्हीं कॅसेट-यंत्र घेतलें, तेव्हां रीळांचें यंत्र दुकानदारास बदलींत दिलें. त्यानें किंमतींतून दोनशें रुपये वजा केले. आम्ही त्या वेळीं चौतीस वर्षांचे, शाळेंत मुलांस पाठभेद व पुष्पिका शिकविणारे. घरांतील एका ग्रंथाची लिपी आपण दोनशें रुपयांस विकीत आहों, हें आमच्या लक्षांत आलें नाहीं. ओव्या फितीवर आहेत या भरंवशावर आईनेंही त्या लिहून घेतल्या नव्हत्या. आजी तर १९७६ सालींच गेली होती.

रीळें मात्र टाकिलीं नाहींत. तीं पंचवीस पावसाळे माळ्यावर राहिलीं. अखेर पुण्यास तसें यंत्र बाळगणारे एक गृहस्थ भेटले. सातांपैकीं पांच रीळांवरील मुद्रणाचा थर सुटून भुकटी झाला होता. दोन वाजलीं. त्यांत आजीचा आवाज सुमारें अकरा मिनिटें आहे. सोळा ओव्या पूर्ण मिळाल्या. सतराव्या ओवींत एका गांवाचें नांव अर्धें उच्चारलें जातें व पुढें कांहीं नाहीं. तें गांव कोणतें हें सांगणारें आतां घरांत कोणी उरलें नाहीं.

(७)

हा दोष आमच्या एकट्याचा असता तर तो येथें नमूद केला नसता. याच मालवण तालुक्यांतील सुकळवाडचे रामचंद्र गोपाळ, उर्फ दादासाहेब, तोरणे (१८९०–१९६०) यांचें उदाहरण घ्या. त्यांचा ‘श्रीपुंडलीक’ हा चित्रपट १८ मे १९१२ रोजीं मुंबईस कॉरोनेशन चित्रपटगृहांत दाखविला गेला. पुढें बोलपटांच्या आरंभकाळीं ‘ऑडिओ-कॅमेक्स’ हें अमेरिकन ध्वनिमुद्रणयंत्र या देशांत आणून पुरविण्याचा उद्योगही त्यांनींच केला. आज ‘श्रीपुंडलीका’ची एकही प्रत उपलब्ध नाहीं. १४ मार्च १९३१ रोजीं लागलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या हिंदी बोलपटाचीही नाहीं. ‘श्रीपुंडलीक’ खरोखर लागला होता यास आधार कोणता, तर वर्तमानपत्रांतील जाहिरात! हलणारें चित्र गेलें व त्याची वार्ता देणारा कागद उरला. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यास १९६४ मध्यें स्थापन झालें. तोंवर पुष्कळ उशीर झाला होता.

याच्या उलट दूरदृष्टीचें एक उदाहरण आहे. गोव्यांतील केरीच्या सुरश्री केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्यें अमेरिकेनें सोडलेल्या व्हॉयेजर नांवाच्या दोन अंतराळयानांवरील सोनेरी तबकडींत समाविष्ट आहे. ती तबकडी तांब्याची, सोन्याच्या मुलाम्याची, १२ इंचांची, मिनिटास १६⅔ फेऱ्यांची आहे. पाठविणारांनीं नुसती तबकडी पाठविली नाहीं. तिजबरोबर सुई व सुईचें शीर्ष ठेविलें, आणि ती कोणत्या गतीनें कशी वाजवावी हें आवरणावर चित्रांनीं कोरलें. सूर्यमालेपलीकडे पाठवावयाच्या लेखासही त्याची लिपी सोबत द्यावी लागते, हें त्या शास्त्रज्ञांनीं ओळखिलें. आमच्या माळ्यांवरील लेखांस तोच न्याय लावावयास काय हरकत आहे?

(८)

याचा अर्थ जुनें तेवढें सर्व जतन करून घराची अडगळ करावी असा नव्हे. आमच्या शास्त्रानें याचा मार्ग कधींच घालून दिला आहे. अग्निपुराणांत जीर्णोद्धाराचा विधि सांगितला आहे. जीर्ण मूर्ति विसर्जन करावी. लांकडी असल्यास अग्नीस, पाषाणाची असल्यास जलास द्यावी. परंतु देवळांच्या जीर्णोद्धारांत मूर्ति हालविण्यापूर्वीं तिच्यांतील तत्त्व कलशांत आकर्षून घेतात व नव्या मूर्तींत त्याची स्थापना करितात. क्रम महत्त्वाचा आहे. आधीं कलश, मग विसर्जन.

आम्हीं तोच क्रम धरिला. नवा संच तीन महिने खोक्यांतच राहूं दिला. त्या अवधींत जुन्या यंत्रांवरून सर्व कॅसेटी, तबकड्या व चित्रफिती संगणकांत उतरविल्या. घरच्या कॅसेटींचे एकंदर ३३ तास झाले. ध्वनीची प्रत सेकंदास ९६,००० नमुने व प्रत्येक नमुना २४ बिटांचा, अशा न आकसलेल्या स्वरूपांत ठेविली. इतकें करूनही तो ऐवज सुमारें ६८ गिगाबाइटच भरला, म्हणजे खिशांतील डबींत मावेल इतका. त्याच्या तीन प्रती केल्या : एक घरीं, एक मुंबईस पुतण्याकडे, एक दूरच्या संगणकसंग्रहांत. वेदपाठकांनीं संहितेच्या जोडीस पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ ठेवून एकेक अक्षर सांभाळिलें. संगणकांतही प्रत्येक प्रतीचा एक पडताळा-अंक काढितां येतो, व एक ठिपका जरी बदलला तरी तो अंक जुळत नाहीं. दरवर्षीं दसऱ्यास तो तपासण्याचें आम्हीं ठरविलें आहे. प्रत्येक मुद्रणास स्थळ, तिथि, बोलणारे व मुद्रक यांची नोंद जोडिली. ही नोंद नसेल तर उत्तम प्रतही निनांवी बाडासारखी होते.

त्यानंतर नव्याची स्थापना केली. नवा संच भिंतीसारखा पातळ; त्याचें चित्र उत्तम, पण आवाज क्षीण. जुने लांकडी स्पीकर काढून टाकावयाचे होते. त्यांच्या कडेचा कुजलेला फोम बदलतांच ते पुन्हां बोलूं लागले. नव्या संचाच्या ऑप्टिकल छिद्रांतून निघणारा ध्वनि एका लहान परिवर्तकानें जुन्या ॲम्प्लिफायरास पोंचविला. नव्या स्पीकरांचे पैसे वांचले, आणि पुतण्यानेंच पहिल्या दिवशीं कबूल केलें कीं असा भरदार आवाज दुकानांत ऐकला नव्हता. व्हिडिओ-यंत्राचीं पिवळीं-पांढरीं भोंकें नव्या संचास नाहींत. त्यासाठींही परिवर्तक मिळतो.

जुना नळीचा दूरदर्शनसंच मात्र निरोप देण्याजोगा होता. तो ग्राहक वर्गांतला. आणि ज्या प्रक्षेपणासाठीं छपरावर काठी उभी केली होती तें आतां बहुतेक ठिकाणीं बंद झालें आहे. त्याच्या कांचेंत शिसें असल्यामुळें भंगारवाल्यानें तो फोडणें घातक होतें; म्हणून तो कोल्हापुरास अधिकृत संकलकाकडे पोंचविला. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. रेडिओ ठेविला, तो परवान्याच्या पुस्तकासाठीं व कांचेवरील दोन खुणांसाठीं.

रेकॉर्ड-प्लेअर व कॅसेट-यंत्र प्रती झाल्यावरही ठेविलीं आहेत. नक्कल कितीही शुद्ध असली तरी मूळ पत्र जाळूं नये, हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा. आणि मूळ पत्र ठेवावयाचें तर त्याची लिपीही ठेविली पाहिजे.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, यापुढें जुन्या घरांत दप्तर पाहावयास गेल्यावर बस्ते व रुमाल तपासून झाले म्हणजे, ‘जुन्या फिती आहेत काय, आणि त्या वाजविण्याचें यंत्र अजून आहे काय’ हेंही विचारावें. दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. आणि ज्यांच्या घरीं रीळांचें यंत्र अद्याप चालू स्थितींत असेल त्यांनीं तें विकण्यापूर्वीं आपल्या परिसरांत एकदां चौकशी करावी. कोणाची तरी आजी त्याची वाट पाहत असेल.